नॉमिनी दादा, मृत्युपत्र डायरीत आणि सोसायटी म्हणते प्रोबेट आणा

नीलमोहर
बाबांना जाऊन सहा महिने होतील. धागा दुःखाचा नाही, कागदांचा आहे. इथे आणखीही कोणी अडकलेलं असेल म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

बाबा व्यवस्थित माणूस. रेक्झिनची निळी डायरी होती, तीत प्रत्येक एफडीचा नंबर, मुदत, व्याजदर, सगळं पेन्सिलीने. एफडी रिन्यू झाली की खोडरबराने जुनी तारीख पुसायची आणि नवी लिहायची. त्यामुळे आम्ही निर्धास्त. आता ती डायरी घेऊन बसल्यावर एकेक निघतंय. मुलुंडचा फ्लॅट एकट्या बाबांच्या नावावर, सोसायटीत नॉमिनी दादा. ठेवींना कुठे आई नॉमिनी, कुठे मी. आयुर्विम्याची एक जुनीपुराणी पॉलिसी आहे, तिला नॉमिनी आजी, म्हणजे बाबांची आई. ती १९९६ सालीच गेली. चिपळूणजवळ गावी थोडी जमीन आहे, सातबाऱ्यावर अजून आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ नांदताहेत.

आणि डायरीच्या शेवटच्या चार पानांवर बाबांच्या अक्षरात मृत्युपत्र. साल २०१७. फ्लॅट आणि ठेवी 'सौ.ला, तिच्या पश्चात दोन्ही मुलांना समसमान'. बाबांची सही आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. त्यातले शेजारचे काका करोनात गेले. दुसरे बडोद्याला मुलाकडे असतात. नोंदणी वगैरे काही नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी आधी म्हणाले, "नॉमिनी तुमचा भाऊ आहे ना, फॉर्म भरा, त्याच्या नावावर करून टाकतो." आम्ही भाबडेपणाने डायरी दाखवली, तर म्हणाले, "मग प्रोबेट आणा." म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं शिक्कामोर्तब. आमच्यात भांडण नाही हे आधीच सांगते. दादाचंही म्हणणं आहे की आईच्या नावावर होऊ दे.

नॉमिनी म्हणजे मालक का? डायरीतलं मृत्युपत्र चालतं का? प्रोबेट टाळता येईल का? आणि बाबांनंतर सगळं आपोआप आईचंच होत नाही का?

चहाबाज
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण दहातले नऊ लोक इथेच फसतात. नाही होत. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस एकाच वेळी येतात: पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई. सगळ्यांना सारखा वाटा. मुलगी लग्न झालेली असो नसो. वडील पहिल्या वर्गात नाहीत, आई आहे. तुमच्या बाबांनी काहीच लिहिलं नसतं तर तुमच्या आईचा फ्लॅटमध्ये एक तृतीयांश, बाकी दोन वाटे तुम्हा दोघांचे.

शेवंता७६
चहाबाज यांनी 'त्याची आई' असं लिहिलंय ना, तिथे थांबा जरा. माझं अख्खं दीड वर्ष त्या दोन शब्दांत गेलंय.

नवरा एकेचाळीसाव्या वर्षी गेला. मृत्युपत्र करायचं वय असतं का ते? पुण्यातला फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, कारण कर्ज घेताना माझी नोकरी सुटलेली होती. नंतर हप्ते दोघांच्या पगारातून गेले, पण करारनाम्यावर नाव एकच. वारस तीन: मी, मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंनी कधी वाट्याचं नावही काढलं नाही. उलट म्हणायच्या, मला काय करायचंय, तुझंच आहे. हक्कसोडपत्र करून घ्यायला हवं हे मला कोणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी त्या दिवसांत मी त्यांच्यासमोर कागद कशी धरणार होते?

दोन वर्षांनी त्याही गेल्या. मग त्यांचा एक तृतीयांश हिस्सा त्यांच्या वारसांकडे निघाला: दीर, नणंद आणि गेलेल्या मुलाची मुलगी म्हणून माझी लेक. फ्लॅटचे नऊ भाग पाडा. तीन माझे, चार लेकीचे, एक दिरांचा, एक नणंदेचा. नणंद पुढच्याच रविवारी सही करून मोकळी झाली. दिरांना चौदा महिने लागले. भांडले नाहीत, नुसते "बघू" म्हणत राहिले. आणि घर विकून माहेरजवळ जायचं ठरवलं तेव्हा कळलं, मुलगी अज्ञान, तिचा हिस्सा विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. आईला स्वतःच्या मुलीसाठी.

एका कागदावर चार ओळी आणि दोन सह्या असत्या तर यातलं काहीही झालं नसतं.

मनीप्लांट
शेवंता, वाचून सुन्न झाले. आम्ही दोघं पस्तिशीत, मुलगा चार वर्षांचा, आणि 'आपल्याकडे आहेच काय' म्हणून विषय कधी काढलाच नाही. बरं, मृत्युपत्रात मुलाचा पालक नेमता येतो ना?

शेवंता७६
येतो. दोघंही एकदम गेलात तर कोण, ते लिहा. आणि ज्याचं नाव लिहाल त्याला आधी विचारा.

निवृत्त_बँकर
नॉमिनीबद्दल. मी काउंटरवर हे सांगून सांगून दमलो, इथेही सांगतो. नॉमिनी म्हणजे लग्नात आहेराची पाकिटं सांभाळायला बसवलेला चुलतभाऊ. पाकिटं त्याच्या पिशवीत असतात, पैसे त्याचे नसतात. बँक त्याला पैसे देऊन आपली जबाबदारी संपवते. पुढे ते वारसांचे, किंवा मृत्युपत्र असेल तर त्यात ज्याचं नाव असेल त्याचे. शेअर्सच्या बाबतीत काही वर्षं गोंधळ होता, तोही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये संपवला: नॉमिनेशनने वारसा बदलत नाही.

अपवाद विम्याचा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते 'लाभार्थी नॉमिनी' धरले जातात. आजींच्या पॉलिसीबाबत: नॉमिनी आधीच गेलेली असेल तर रक्कम विमेदाराच्या वारसांकडे येते, म्हणजे तुमच्याकडे. आजींच्या इतर मुलांकडे नाही. कागद जास्त मागतील इतकंच.

म्हणून नॉमिनेशन निरुपयोगी आहे असं मात्र समजू नका. ते नसेल तर वारसाचे कागद गोळा करण्यात पहिलं वर्ष जातं, आणि घरखर्च त्या पहिल्या वर्षातच अडतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी देता येतात, टक्केवारी ठरवून एकदम किंवा एकानंतर एक. लॉकरला फक्त एकानंतर एक. डिमॅट आणि म्युच्युअल फंडांना दहापर्यंत. नॉमिनी नसलेल्या खात्यांसाठीही रिझर्व्ह बँकेने आता मर्यादा ठरवून दिलीय: व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतचा दावा साध्या पद्धतीने, उत्तराधिकार प्रमाणपत्र न मागता निकाली काढायचा, आणि कागद पूर्ण असतील तर १५ दिवसांत. शाखेत कोणी टोलवाटोलवी केली तर त्या निर्देशांचं नाव घ्या, आवाज खाली येतो.

जाता जाता भविष्य निर्वाह निधीचं. लग्नाआधी आईचं नाव घातलेलं असेल तर लग्नानंतर ते नॉमिनेशन आपोआप रद्द होतं. पुन्हा भरावं लागतं. निम्म्या लोकांनी भरलेलं नसतं.

टिकलीबहाद्दर
माझा एक मित्र वडिलांच्या खात्यातून ते गेल्यावर तीन आठवडे एटीएमने पैसे काढत होता. 'माझ्याकडे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आहे' म्हणे.

निवृत्त_बँकर
कुलमुखत्यारपत्र माणूस गेला त्या क्षणी संपतं. ते मृत्युपत्राला पर्याय नाही. आणि ते पैसे काढणं पुढे बहीणभावात शंकेचं मूळ ठरतं, काढलेले पैसे इस्पितळाच्या बिलासाठी का असेनात.

वकीलीण_मुलुंडकर
मी दिवाणी वकिली करते, पण ही माहिती आहे, सल्ला नव्हे. तुमचे मूळ कागद तुमच्या वकिलांनी बघायला हवेत.

डायरीतलं मृत्युपत्र चालतं. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ६३. करणाऱ्याची सही हवी. किमान दोन साक्षीदार हवेत, ज्यांनी त्याला सही करताना पाहिलंय किंवा 'ही माझीच सही' असं त्याने त्यांना सांगितलंय. आणि साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या केलेल्या हव्यात. दोघं साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं नाही. स्टॅम्पपेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क शून्य. नोंदणी ऐच्छिक आहे. लोकांना वाटतं नोंदणी केली की मृत्युपत्र अभेद्य झालं. तसं नाही, कोर्टात तेही सिद्ध करावंच लागतं. पण खाडाखोड, हरवणं, 'हे नंतर बनवलं' असले आरोप यांना बऱ्यापैकी आळा बसतो, म्हणून मी प्रत्येकाला नोंदणी करायलाच सांगते.

सिद्ध करायचं म्हणजे साक्षीदारांपैकी निदान एकाला कोर्टात उभं करायचं, तो हयात आणि बोलण्याच्या अवस्थेत असेल तर. म्हणून नीलमोहर, बडोद्याच्या काकांकडून आजच प्रतिज्ञापत्र करून घ्या. उद्या नाही, आज. पंच्याहत्तरीचा माणूस पंच्याहत्तरीच्याच मित्रांना साक्षीदार घेतो आणि मग तिघंही पाठोपाठ जातात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता साक्षीदाराचं वय हाच माझा पहिला प्रश्न असतो.

आता प्रोबेट. सेक्रेटरी जे सांगताहेत ते डिसेंबर २०२५ पर्यंत बरोबर होतं. जुन्या कलम २१३ मुळे मुंबई, चेन्नई आणि कोलकाता उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीत, म्हणजे ढोबळमानाने त्या शहरांत, केलेलं, किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेबद्दलचं हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी व्यक्तीचं मृत्युपत्र असेल, तर प्रोबेटशिवाय त्याच्या आधारे कोर्टात हक्क सांगता येत नसे. मुस्लिमांना ते लागू नव्हतं. देशाच्या उरलेल्या भागात बहुतेकांना प्रोबेट माहीतही नाही ते यामुळेच.

खडूस_काका
म्हणजे मुलुंडला प्रोबेट आणि चेकनाका ओलांडून ठाण्यात फ्लॅट घेतला असता तर काही नाही? वा रे कायदा.

वकीलीण_मुलुंडकर
हो काका, अगदी तसंच होतं. इंग्रजांनी प्रेसिडेन्सी शहरांसाठी केलेली सोय शंभर वर्षं चालली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन आणि दुरुस्ती कायद्याने कलम २१३ काढून टाकलं. आता सक्ती नाही. पण प्रोबेट ही गोष्ट संपलेली नाही. मागायचं असेल तर मागता येतं, आणि वाद होणार असेल तर मागावंच. प्रोबेट म्हणजे 'हेच शेवटचं आणि खरं मृत्युपत्र' असं कोर्टाचं शिक्कामोर्तब. मालकी कोणाची याचा निवाडा त्यात होत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. महाराष्ट्रात कोर्ट शुल्काला ७५ हजारांची कमाल मर्यादा आहे. खरा खर्च असतो तो वेळेचा, आणि कोणी हरकत घेतली की ते रीतसर दाव्यासारखं चालतं.

गंमत म्हणजे तुमच्या बाबांच्या मृत्युपत्राला तसंही 'प्रोबेट' मिळालं नसतं. प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाला, एक्झिक्युटरला मिळतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून बाबांनी कोणाला नेमलेलं दिसत नाही. मग अर्ज 'लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'चा, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था बघण्याच्या अधिकारपत्राचा, करावा लागतो. एक ओळ राहिली की एवढा फरक पडतो.

आणि दुसरी ओळ. 'सौ.ला, तिच्या पश्चात दोन्ही मुलांना.' यातून आई पूर्ण मालक की फक्त हयातभर राहण्याचा हक्क? तिला फ्लॅट विकून लहान घर घ्यायचं झालं तर विकता येईल का? दोन वकील दोन अर्थ काढतील. मनात जे असेल ते स्पष्ट लिहायचं: 'पूर्ण मालकीहक्काने, विक्रीच्या अधिकारासह' किंवा 'केवळ हयातीपर्यंत वापराचा हक्क'.

तुम्ही तिघं एकमताचे आहात, तर मी सरळ रस्ता धरला असता. नोंदणीकृत हक्कसोडपत्र, दादा आणि तुम्ही आईच्या लाभात. मृत्युपत्राखाली पुढे मिळू शकणारा हक्कही सोडत आहोत असं त्यात लिहून घ्या. सोसायटी ते नाकारू शकत नाही. सहकार कायद्याच्या कलम १५४ब-१३ मध्ये मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त, हे सगळे मार्ग दिलेत. नुसत्या नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, वारस ठरेपर्यंत.

नीलमोहर
बापरे. एका उत्तरात माझे चार महिने वाचले. बडोद्याच्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "सही केली तेव्हा तुझ्या आईने थालीपीठ केलं होतं, ते पण लिहू का?" वारस दाखला आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र एकच ना?

वकीलीण_मुलुंडकर
थालीपीठ अवश्य लिहा, साक्ष पटते :)
एकच नाही. उत्तराधिकार प्रमाणपत्र येणी आणि रोख्यांसाठी, म्हणजे बँक, शेअर्स वगैरे. घर-जमिनीला ते चालत नाही. वारस दाखला आपल्याकडे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली दिवाणी न्यायालय देतं. तलाठ्याकडे वारस म्हणून नाव लागणं ही तिसरीच गोष्ट.

खडूस_काका
सगळं वाचलं. एवढा उपद्व्याप कशाला? जिवंतपणीच बक्षीसपत्र करा, मुलांच्या नावावर घर चढवा. महाराष्ट्रात मुलामुलींना, नातवंडांना, नवराबायकोला राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक फक्त २०० रुपये. ना मृत्युपत्र, ना प्रोबेट, ना नॉमिनी. मी गेल्यावर कोणी कोणाच्या दारात जायला नको.

शेवंता७६
काका, आणि मधल्या वीस वर्षांत तुम्ही कोणाच्या दारात?

खडूस_काका
माझी मुलं तशी नाहीत.

वकीलीण_मुलुंडकर
कोणाचीच नसतात. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य हेच असतं. आणि मुलगा वाईट निघायलाच हवा असं नाही. तो तुमच्याआधी गेला तर त्याचे वारस मालक. त्याचा धंदा बुडाला तर त्याचे घेणेकरी घरापर्यंत. घटस्फोट झाला तर घर पोटगीच्या वादात. मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं, बक्षीसपत्र दिलं की दिलं. द्यायचंच असेल तर 'आमचा हयातभर सांभाळ करण्याच्या अटीवर' हे दस्तातच लिहा. मग ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ वापरता येतं. अट मोडली तर न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्द करू शकतं. अट लिहिलेली नसेल तर ती होती हे शाबीत करता करता म्हातारपण सरतं.

चहाबाज
यावरून आणखी एक मुद्दा: कराची भीती दाखवणारे एजंट येतात, त्यांना बळी पडू नका. आपल्याकडे वारसा कर नाही. संपदा शुल्क होतं, ते १९८५ साली गेलं. कर वाचवायला म्हणून घर आधीच नावावर करा, हे तर अजिबात खरं नाही.

बे_एरियातली_मी
इकडून थोडं. अमेरिकेत 'प्रोबेट टाळा' हा जवळजवळ धंदाच आहे आणि त्याला कारण आहे. कॅलिफोर्नियात प्रोबेटची वकिलाची फी कायद्यानेच ठरलेली: पहिल्या एक लाख डॉलरला ४ टक्के, पुढच्या लाखाला ३, त्यापुढच्या आठ लाखांना २. दहा लाखांच्या घराला २३ हजार डॉलर, आणि तेवढेच एक्झिक्युटरलाही घेता येतात. घरावर कर्ज किती आहे ते बघत नाहीत, पूर्ण किमतीवर आकारतात. म्हणून इथे लोक रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट करतात. घर आणि खाती ट्रस्टच्या नावावर, हयातीत विश्वस्त आपणच, पश्चात कोण ते लिहिलेलं. कोर्टाचा संबंध येत नाही. फुशारकीने तीन इंची जाड फाइल करून घेतात आणि घराचं नाव ट्रस्टवर चढवायचं विसरतात, मग घर पुन्हा प्रोबेटलाच. आमच्या शेजाऱ्यांचं झालं तसं.

पण मी लिहायला आले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. आम्ही ठाण्याच्या फ्लॅटसाठी भारतात मृत्युपत्र केलं होतं. तीन वर्षांनी इकडे वकिलाने छापील मसुदा दिला, सही केली. त्याची पहिलीच ओळ: 'यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं मी रद्द करत आहे.' म्हणजे ठाण्याचं गेलं! वर्षभराने कोणीतरी सहज विचारलं म्हणून लक्षात आलं. आता दोन्हीकडे लिहून घेतलंय: हे फक्त भारतातल्या, हे फक्त अमेरिकेतल्या मालमत्तेपुरतं. दोन देशांत संसार असलेल्यांनी आजच कपाट उघडून ती ओळ वाचा.

मनीप्लांट
असा ट्रस्ट आपल्याकडे करतात का मग?

वकीलीण_मुलुंडकर
करता येतो, पण साध्या कुटुंबाला नको. घर ट्रस्टमध्ये घालताना मुद्रांक लागतो, वर दरवर्षी हिशेब आणि विवरणपत्र. जिथे खरोखर उपयोग आहे ते म्हणजे दिव्यांग मूल, जे मोठं होऊनही व्यवहार बघू शकणार नाही. तिथे ट्रस्ट करा, शिवाय स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमून घ्या. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

सातबारा_वाचक
चिपळूणच्या जमिनीकडे कोणी बघतच नाहीये. नीलमोहर, आजोबांना मुली किती?

नीलमोहर
दोन आत्या. मोठी गेली, तिची तीन मुलं. का?

सातबारा_वाचक
कारण गावी गेल्यावर पहिला सल्ला हाच मिळेल: 'आत्यांची नावं कशाला घालता, नंतर कमी करावी लागतील.' ऐकू नका. आजोबांच्या वारसांत त्या आहेतच, आणि मोठ्या आत्याच्या जागी तिची मुलं. नावं दडवून वारस नोंद केली की ती वीस वर्षांनी, जमिनीला रस्ता लागल्यावर आणि भाव आल्यावर फुटते. क्रम असा: आजोबांचा मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्ज (ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून करता येतो), तलाठी नोंद धरून नोटिसा काढतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. मग त्याखाली बाबांचे वारस. चुलत आजोबांच्या शाखा त्यांच्या त्यांनी करायच्या. आधी सगळ्यांची नावं लावा, मग ज्यांना नको असेल त्यांनी हक्कसोडपत्र द्यावं, किंवा तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप. आणि फेरफार म्हणजे मालकी नव्हे, तो महसुलाचा हिशेब. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून कोणी मालक होत नाही आणि नाही लागलं म्हणून हक्क जात नाही.

निवृत्त_बँकर
बाबांची एखादी विसरलेली ठेव असेल अशी शंका असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' संकेतस्थळावर नावाने शोधा. दहा वर्षं दावा न केलेल्या ठेवी तिथे दिसतात.

नीलमोहर (सात आठवड्यांनी)
अपडेट देते. हक्कसोडपत्र झालं. सर्वांत जास्त वेळ कशात गेला सांगू? आईच्या नावात. माहेरचं नाव जुन्या टपाल खात्याच्या पासबुकावर. लग्नात बाबांनी अंगठीने तांदळात लिहिलेलं नाव रेशनकार्डावर आणि ठेवींवर. आणि आधारवर तेच नाव, पण इंग्रजीत एक अक्षर जादा. तीन कागदांवर तीन बायका! 'या तिन्ही व्यक्ती म्हणजे मीच' असं प्रतिज्ञापत्र करून दिलं, तेव्हा गाडी पुढे गेली. तुमच्या आयांची नावं आत्ताच ताडून बघा. ती हयात असताना हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

विम्याचे पैसे आले. सोसायटीने आईला सभासद करून घेतलं. जमिनीचं भिजत घोंगडं आहे, पण आत्याची तिन्ही मुलं सह्या द्यायला गावी आली. बावीस वर्षांनी एकत्र जेवलो.

आणि आईने स्वतःचं मृत्युपत्र केलं. मीच मसुदा लिहायला बसले, तर म्हणाली, "तू नको, तुला मिळणार आहे, उद्या कोणी म्हणेल मुलीने लिहून घेतलं." हा वकिली मुद्दा तिने कुठे वाचला कोण जाणे. दुसऱ्या वकिलाकडून लिहून घेतलं, दादाला व्यवस्थापक नेमलं, साक्षीदार माझ्या वयाचे दोन शेजारी. तिची बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीचा जोडला. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात फोटो आणि अंगठा झाल्यावर तिथल्या बाईंनी विचारलं, "आजी, कोणाचा दबाव नाही ना?" आई म्हणाली, "आहे. घरी दूध तापत ठेवून आलेय असं वाटतंय." फ्लॅट-ठेवी दोन ओळींत उरकल्यात. दीड पान तांब्यापितळेच्या भांड्यांचं आहे. मोठं घंगाळ दादाला, कारण त्याच्या बाल्कनीत जागा आहे.

शेवंता७६
घंगाळाची नोंद केली हे फार बरं केलं. फ्लॅटवरून जेवढे अबोले होत नाहीत तेवढे घंगाळावरून होतात.

खडूस_काका
वकीलीणबाई, एक विचारायचं होतं. बायको मागे लागलीये म्हणून विचारतोय. साक्षीदार म्हणून व्याही चालतील का?

वकीलीण_मुलुंडकर
व्याह्यांना किंवा त्यांच्या मुलीला, म्हणजे तुमच्या सुनेला, त्यात काही देताय का?

खडूस_काका
सुनेला बायकोच्या पाटल्या.

वकीलीण_मुलुंडकर
मग व्याही नकोत. चाळिशीतला शेजारी बघा.